४ फुटी टँकसाठी स्टँड घरीच बनवतोय, डिझाईन बघून सांगा

पाणगवत:

नमस्कार मंडळी, गेली तीन वर्षं माशांचा २ फुटी टँक ठेवतोय, तो एका जुन्या लाकडी टेबलावर आहे आणि आजवर काही त्रास नाही. आता ४ फुटी घेतलाय, १२० x ४५ x ४५ सेंमी, १० मिमी काच, तळाची काच सपाट, खाली-वर प्लास्टिकची फ्रेम वगैरे काही नाही. सध्या रिकामाच जमिनीवर आहे आणि येता-जाता नजर तिकडेच जातेय, त्यामुळे घाई खूप झालीय, पण घाईत चूक नको म्हणून आधी विचारतो.

तयार स्टँड बघून झाले, एक तर उंची पटत नाही नाहीतर आतले कप्पे असे की बाहेरचा फिल्टर उभा मावत नाही. सुतारकाम मला अगदी नवीन नाही, पुस्तकांचं शेल्फ केलंय, एक बाकडं केलंय जे रोजच्या वापरात आहे. करवत, ड्रिल, गुण्या, लेव्हल सगळं घरात आहे.

डिझाईन असं: ५० x ५० मिमी लाकडाचे चार पाय, एकूण उंची ७५ सेंमी. त्याच ५० x ५० च्या आडव्या पट्ट्या पायांच्या मधे बसवायच्या, वर एक चौकट आणि खाली एक चौकट, प्रत्येक सांध्याला बाहेरून दोन-दोन लांब स्क्रू आणि लाकडाचा गोंद. वरती १८ मिमी प्लाय. मागची बाजू पूर्ण मोकळी, म्हणजे पाइप आणि वायरी जायला सोपं.

विचारायचं असं की १८ मिमी प्लाय एक पुरेल का दोन थर लावू, मधे पाचवा-सहावा पाय लागेल का, आणि प्लायवर थर्माकोल टाकायचाच का. शिवाय एक गोष्ट, चौकट कच्ची जोडून बघितली, वर दोघं जण बसलो तरी आवाज नाही काही नाही, पण बाजूने हाताने ढकलली की हलकीशी डुलते. मला वाटतं टँक भरला की वजनाने ती आपोआप घट्ट बसेल, बरोबर ना?


रंधा_करवत:

नाही, ते आपोआप बसणार नाही, आणि तुमच्या सगळ्या प्रश्नांत हाच खरा महत्त्वाचा आहे म्हणून इथूनच सुरुवात करतो. पाणी भरायच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं.

डुलणारी चौकट वजन टाकल्यावर घट्ट वाटते कारण हलवायला जास्त जोर लागतो, एवढंच. पण एकदा का ती केसभर एका बाजूला झुकली की वरचं सगळं वजन तिला त्याच बाजूला अजून ढकलत राहतं, रिकामी असताना ती परत सरळ होते, भरलेली होत नाही. त्यात पाणी म्हणजे शांत पडून राहणारं वजन नव्हे, कोणी पोरगं धावत येऊन धडकलं, तुम्ही झाकण काढताना टेकलात, की पाणी हिंदकळतं आणि धक्का परत परत बसतो. स्टँड सरळ खाली दबून मोडल्याचं मी बघितलेलं नाही, जे गेले ते बाजूला पत्त्यासारखे दुमडून गेले.

आता वजनाचा हिशोब, कारण तो मनात पक्का असला की बाकी निर्णय सोपे होतात. १ लिटर पाणी १ किलो. तुमचा टँक बाहेरून धरला तर २४३ लिटर येतो, पण काचेची जाडी आणि वरचे चार-पाच सेंमी मोकळे सोडले तर आत साधारण २०० लिटरचीच जागा आहे आणि त्यातलीही थोडी वाळू-दगड खातात. काच दर चौरस मीटरला दर मिमी जाडीमागे २.५ किलो, तुमची सगळी काच मिळून २ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे ५० किलो. ५ सेंमी वाळूचा थर टाकलात तर ४० किलो, दगड-लाकूड-झाकण-लाइट वेगळे. सगळं मिळून ३०० च्या आगेमागे जाईल, तुम्ही ३५० धरून चाला.

हे ३५० किलो कुठून कसे जमिनीत उतरतात ते बोटाने तुमच्या चित्रावर फिरवून बघा. प्लायवरून पट्टीवर आलं, आणि पट्टीवरून पायात कसं गेलं? मधे फक्त स्क्रू आहेत. पट्टी पायाच्या डोक्यावर बसलेलीच नाही, ती पायाच्या बाजूला लटकतेय. शिवाय तुमचा स्क्रू पायातून जाऊन पट्टीच्या टोकात शिरतोय, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आणि तिथे स्क्रूची पकड सगळ्यात कमजोर असते, गोंदही त्या टोकाला नीट धरत नाही, लाकूड तो पिऊन टाकतं. पहिल्या दिवशी धरेल, सहा महिने पण धरेल, पण लाकूड ओलं-कोरडं होत राहतं, भोक हळूहळू मोठं होतं.

त्यापेक्षा पट्टी पायाच्या डोक्यावर ठेवा. लाकडावर लाकूड, त्याखाली जमीन, मधे काही नाही. स्क्रूचं काम फक्त त्यांना जागेवर धरून ठेवायचं, वजन उचलायचं नाही. ५० x ५० चा पाय उभ्या दाबाला तुम्हाला लागेल त्याच्या कितीतरी पट घेतो, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ९० किलो येतात, तिथे काळजीच नाही.

मी कसं करतो ते सांगतो. वरची चौकट ५० x १०० ची, पट्ट्या उभ्या, म्हणजे १०० ची बाजू वर-खाली. कोपऱ्यात तिच्याखाली पाय. आणि त्या पायाला आतून चिकटून दुसरी एक पट्टी जी जमिनीपासून निघून चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात वरपर्यंत जाते. वजन बाहेरचा पाय घेतो, आतली पट्टी पाय आणि चौकट दोघांना स्क्रूने बांधून ठेवते. हिशोबाला, एकूण ७५ मधून प्लायचे १.८ आणि चौकटीचे १० गेले की बाहेरचा पाय ६३.२ सेंमीचा. सगळे पाय एकत्र बांधून एकदमच कापा, एक-एक मोजून कापलेत तर मिलिमीटरभराचा फरक राहतोच आणि मग तीन पायांवर टँक.

मागची बाजू मोकळी ठेवू नका. १२ मिमी प्लाय मागे पूर्ण ठोका, चारही कडांना स्क्रू आणि गोंद, पाइपसाठी त्यातच भोकं पाडा. बाजूंनाही तेच. एवढं केलंत की डुलणं जागच्या जागी थांबतं. आयत कोपऱ्यातून दुमडतं, पण त्यावर एक पत्रा किंवा फळी चारी बाजूंनी बांधली की त्याला दुमडायला जागाच राहत नाही. मागे फळी नकोच असेल तर निदान एक तिरकी पट्टी कोपरा ते कोपरा मारा.


लोखंडी_पाय:

एवढं करण्यापेक्षा लोखंडी स्टँड करून घ्या ना सरळ. ४० x ४० चा २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप, वेल्डिंग करणाऱ्याला माप दिलं की एका दिवसात तयार, वजन २५ किलोच्या आत, डुलणं वगैरे विषयच नाही कारण सांधा वितळून एक झालेला असतो. माझ्याकडे दोन आहेत, एक आठ वर्षांचा आहे आणि वरचा टँक एकदा बदलला पण स्टँड तोच. लाकडाला पाणी लागलं की संपलं, लोखंडाला रंग मारला की झालं.


रंधा_करवत:

लोखंड चांगलंच आहे, नाकारत नाही, पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात कारण लोक लोखंड म्हटलं की निर्धास्त होतात.

एक, वाकणं. लांब बाजूला दोन पायांमधे साधारण ११० सेंमी अंतर आणि त्या एका बाजूवर १७५ किलो धरले, तर ४० x ४० x २ चा पाइप मधे जवळजवळ २ मिमी वाकतो, वेल्डिंगमुळे टोकं थोडी जखडलेली असतात म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. ५० x १०० चं साधं पाइनसारखं लाकूड उभं ठेवलं तर तेवढ्याच वजनाला १ मिमीच्याही आत राहतं. म्हणजे तुटायच्या बाबतीत लोखंड पुढे आहे, पण ताठपणा मापावर आणि आकारावर अवलंबून असतो. त्यामुळे लोखंडी केलात तर ४ फुटाला मधे पाय घालाच.

हाच हिशोब पाणगवत यांच्या मूळ चित्राला लावला तर ५० x ५० च्या पट्टीला मधे ६ मिमीच्या आसपास बाक येतो. काच एवढा बाक सहन करायला बनलेलीच नाही. पट्टीची उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, ५० x ५० आणि ५० x १०० मधला फरक हा एवढा आहे. आणि तीच ५० x १०० ची पट्टी चुकून आडवी टाकलीत तर ताठपणा लगेच चौथ्या हिश्श्यावर येतो, लाकूड तेच, फक्त बसवली उलटी. दुसरा मार्ग म्हणजे मधे पाय, अंतर निम्मं झालं की बाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, ५० x १०० उभी घेतलीत तर मधला पाय नसला तरी चालेल, दारं मोठी करता येतील. मी स्वतः मागच्या बाजूला मधे एक पाय घालतोच, तिथे तो कोणाच्या आड येत नाही.

दोन, वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट पिळते. वरून सरळ दिसते पण सपाट फरशीवर ठेवलीत की एक कोपरा उचललेला असतो. घ्यायला जाल तेव्हा दोन दोऱ्या घेऊन जा, वरच्या चौकटीवर कोपरा ते कोपरा तिरक्या ताणा, जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे नुसत्या टेकल्या पाहिजेत, मधे फट दिसली किंवा एक दुसरीला दाबत असली तर चौकट पिळलेली आहे, दोऱ्या खालीवर बदलूनही एकदा बघा. आणि दोन्ही कर्ण मोजा, १२० x ४५ ला १२८.२ सेंमी आले पाहिजेत, आणि नाही आले तरी दोन्ही सारखे तरी आलेच पाहिजेत.


पाणगवत:

बाप रे, बरं झालं विचारलं. ६ मिमीचा आकडा वाचून पट्ट्या बाजूलाच ठेवल्या, त्या खालच्या चौकटीला वापरतो, तिथे वजन नाही. वरच्यासाठी ५० x १०० आणतो.

मग प्लायचं काय, वरती १८ मिमी ठेवू ना? आणि थर्माकोलबद्दल दोन ठिकाणी दोन वेगळी मतं ऐकली, एक म्हणतो टाकलाच पाहिजे, दुसरा म्हणतो टाकलास तर तळ फुटेल.


सोनमासा_ताई:

थर्माकोलचं दोन्ही खरं आहे, टँक कुठला त्यावर ठरतं, आणि हे कोणी नीट सांगत नाही म्हणून गोंधळ होतो. ज्या टँकला खालून प्लास्टिकची फ्रेम असते त्याची तळकाच जमिनीला टेकतच नाही, ती फ्रेममधे अधांतरी असते, सगळं वजन कडांवर येतं. अशा टँकखाली जाड थर्माकोल टाकला की फ्रेम त्यात रुतते आणि थर्माकोल मधून तळकाचेला वर ढकलतो, काच फुटते ती तशी. तुमचा टँक बिनफ्रेमचा, तळकाच पूर्ण टेकणार, त्याला खाली पूर्ण सपाट प्लाय आणि त्यावर मऊ थर हवाच. १० मिमी थर्माकोल किंवा व्यायामाच्या मॅटसारखा दाट फोम, दोन्ही चालतात, मला फोम आवडतो कारण कडेने तुकडे पडत नाहीत. कापताना टँकपेक्षा लहान कापू नका, कड उघडी राहिली तर तिथे काच नुसत्या लाकडावर येते.

पण तो थर वाळूचा कण, स्क्रूचं वर आलेलं डोकं, प्लायचा खरखरीतपणा एवढंच पोटात घेतो. स्टँड वाकडा असेल तर ते थर्माकोलने झाकलं जातं, सुटत नाही. टँक आणि स्टँडच्या मधे पुठ्ठ्याचे तुकडे, पाचरी असलं काही कधीच सारू नका, लेव्हल करायचं ते पायाखाली.

प्लाय १८ मिमी एक थर पुरे. वजन घेते खालची चौकट, प्लाय फक्त तळाला सपाट आधार देतो, पण आत ४५ च्या रुंदीत दोन आडव्या पट्ट्या टाका म्हणजे मधे प्लाय दबणार नाही.

आता पाण्याबद्दल, कारण माझा अनुभव यातच गेलाय. पहिला ३ फुटी टँक मी भुश्याच्या दाबलेल्या बोर्डाच्या कपाटावर ठेवला होता, दिसायला गुळगुळीत आणि भक्कम. पाणी बदलताना दर आठवड्याला दोन-चार थेंब मागच्या कडेने उतरायचे, पुसलं की झालं असं वाटायचं. दीड वर्षाने एक दिवस कपाटाचं दार लागेना, वरून घासायला लागलं. बिजागरी सैल झाली असेल म्हणून स्क्रू पिळले, परत तेच. मग फूटपट्टी लावून बघितलं तर वरचा बोर्ड मधे खाली आलेला आणि मागची कड पावासारखी फुगलेली, बोटाने दाबली तर भुगा हातात. त्याच रात्री मासे बादल्यांमधे काढले, हवेचा पंप लावला आणि टँक रिकामा केला. दार घासायला लागलं हीच त्या कपाटाची हाक होती, आणि मी आठ दिवस ती बिजागरीवर ढकलली. तेव्हापासून कुठल्याही स्टँडचं दार किंवा खण अडायला लागला की मी आधी वरची फळी बघते.

म्हणून मरीन प्लाय घ्या, आणि त्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे कापलेल्या कडा. पाणी वरून आत जात नाही, कडेने थराथरातून जातं. कडांना रंग किंवा पॉलियुरेथेन तीन हात द्या, पहिला हात पातळ करून, तो लाकूड पिऊन घेतं. पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या आतल्या कडाही, ती सगळे विसरतात, आणि थेंब तर नेमके पाइपवरून घसरत तिथेच येतात. पायांच्या तळाला पण द्या, फरशी पुसताना लाकूड खालून पाणी ओढतं.

वायरींचं एक. प्लगकडे जाणारी प्रत्येक वायर आधी प्लगच्या खाली लोंबून मग वर चढली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी त्या झोलाच्या तळाशी टपकतं, प्लगमधे शिरत नाही. बोर्ड स्टँडच्या आत तळाला ठेवू नका, बाजूच्या फळीवर उंच लावा, आणि त्या लाइनला विजेच्या गळतीवर बंद पडणारा ब्रेकर असू द्या. हात पाण्यात घालायच्या आधी मी हीटर आणि फिल्टर बंद करतेच, कितीही घाई असली तरी.


लोखंडी_पाय:

रंधा_करवत यांचं वाकण्याचं बरोबर आहे, माझ्या दोन्ही स्टँडना मधे पाय आहेत, लिहायचं राहून गेलं. लोखंड करणाऱ्यांसाठी अजून एक, पाइप आतून गंजतो, बाहेरून रंग चकचकीत असतो आणि आत पाणी साठलेलं. वेल्डिंग झालं की उघडी तोंडं सगळी बंद करून घ्या, खाली रबरी बूट घाला, वेल्डिंगची राख घासून काढल्याशिवाय रेड ऑक्साइड मारू देऊ नका, तो राखेसकट पापुद्र्यासारखा निघतो. खाऱ्या पाण्याचा टँक असेल तर मीठ उडून सगळीकडे बसतं, तिथे मी लोखंड सुचवणार नाही, तिथे लाकूडच.


ओंजळभर:

नवीन आहे मी, माझा २.५ फुटी आहे. सिमेंटचे पोकळ ब्लॉक रचून वर जाड फळी टाकली तर चालतं का, म्हणजे एवढं सुतारकाम येत नाही मला.


रंधा_करवत:

चालतं, आणि चांगलं चालतं, वजन थेट खाली उतरतं. ब्लॉकची पोकळी वर-खाली उभी येईल असे रचा, आडवे ठेवलेत तर पातळ भिंती दबतात. ब्लॉकच्या खाली आणि थरांच्या मधे फोम किंवा रबराची पट्टी घाला म्हणजे खडखडणार नाहीत. दोन थरांच्या वर जाऊ नका, नुसते रचलेले असतात, बाजूच्या धक्क्याला जोडणारं काही नसतं. घरात लहान मूल किंवा मोठा कुत्रा असेल तर मात्र ब्लॉक नको.


पाणगवत:

लाकूड कापून झालं. सगळे पाय एकत्र शिकंज्यात बांधून कापले, खरंच एकसारखे आले, बोट फिरवलं तरी कड लागत नाही. आता एक शंका, मी वरच्या मजल्यावर राहतो, ३५० किलो एका जागी म्हटल्यावर घरात सगळ्यांनाच धास्ती आहे.


सोनमासा_ताई:

बऱ्याच ठिकाणी घरांचे मजले दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून बांधतात, आणि तुमचे ३५० किलो अर्ध्या चौरस मीटरवर येताहेत, म्हणजे नुसते आकडे बघितले तर भीती वाटणारच. पण तो आकडा सगळ्या खोलीभर एकदम भार टाकला तर काय, याचा आहे, आणि तुमची बाकीची खोली रिकामीच असते. चार-पाच माणसं एका कोपऱ्यात उभी राहून गप्पा मारतात ते याच वजनाचं. काँक्रीटच्या स्लॅबवर, भिंतीला लागून, शक्यतो खाली बीम असेल त्या भिंतीला लागून ठेवा, खोलीच्या मधोमध नको. लाकडी तक्तपोशीचा मजला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे खालचे वासे कुठल्या दिशेने जातात ते बघून टँक त्यांना आडवा ठेवायचा, म्हणजे वजन तीन-चार वाशांवर वाटलं जातं, आणि तरी आधी जाणत्या माणसाला दाखवा. इमारत जुनी असेल, स्लॅबला तडे किंवा ओल दिसत असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय भरू नका, कुठलाही मजला असो.

पायाखाली मात्र फरशीचा विचार करा. खाली पोकळ राहिलेली फरशी टोकदार पायाखाली फुटते. बोटाच्या पेराने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर पाय तिथे यायला नको, किंवा पायांखाली लांब पट्टी टाका.


रंधा_करवत:

भरण्याआधी एवढं करा. रिकामा स्टँड त्याच जागेवर ठेवून लेव्हल लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर लावा. कमी पडेल तिथे पायाखाली कडक प्लास्टिकची पाचर, लाकडाची नको, ओल खाऊन दबते. मग कागदाचा कपटा घेऊन प्रत्येक पायाखाली सरकवून बघा, कुठेही आत जाता कामा नये. टँक फोम न टाकता क्षणभर नुसता ठेवून काचेखाली चारी बाजूंनी कागद फिरवा, कुठे सलग आत गेला तर तिथे प्लाय खोल आहे, रंध्याने किंवा पॉलिश पेपरने उंच भाग उतरवा. मग फोम.

भरताना एका दमात भरू नका. चौथा हिस्सा, थांबा, लेव्हल. अर्धा, थांबा, लेव्हल. पाण्याची रेघच तुमची खरी पाणसळ आहे, वरच्या कडेपासून चारही कोपऱ्यांत पाण्यापर्यंत मोजा. दोन-तीन मिमीचा फरक जगात सगळ्यांचा असतो. त्याहून जास्त दिसला तर पाणी काढा, मग पाचर सारा. भरलेल्या टँकखाली पहारीने उचलून पाचर घालायचा मोह अनेकांना होतो, तेवढ्या वेळात टँक पिळतो आणि सिलिकॉनचा सांधा ताणला जातो, तो लगेच गळत नाही, महिन्यांनी गळतो, आणि तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही की हे त्या दिवसाचं आहे.


पाणगवत:

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, रंगाचे हात सुकायला वेळ गेला आणि मी घाई केली नाही.

स्टँड झाला. मागे आणि दोन्ही बाजूंना १२ मिमी प्लाय, समोर दोन दारं. मागची फळी लावायच्या आधी मुद्दाम परत बाजूने ढकलून बघितलं, तसाच डुलत होता. फळीला फक्त चार कोपऱ्यांत चार स्क्रू मारले आणि परत ढकललं तर स्टँड हललाच नाही, मीच मागे सरकलो. बाकीचे तीसेक स्क्रू आणि गोंद नंतर. वजन वाढलं नाही, लाकूड जाड झालं नाही, नुसती एक फळी लागली आणि सगळं चित्रच बदललं, हे हाताला कळल्याशिवाय मला पटलं नसतं.

लेव्हल लावली तेव्हा भिंतीकडची डावी बाजू ४ मिमी खाली निघाली, फरशीचा उतार आहे तिकडे. प्लास्टिकच्या पाचरी सारून बरोबर केली, मागच्या मधल्या पायालाही एक पातळ लागली, तो अधांतरी होता, कागद सरळ आत गेला म्हणून कळलं, नाहीतर मी तो पाय टेकलाय असंच धरून चाललो असतो.

काल संध्याकाळी भरायला घेतला. अर्ध्यावर थांबून कोपरे मोजले, मग वाळू, मग पूर्ण. डाव्या कोपऱ्यात वरून ४२ मिमी, उजव्या कोपऱ्यात ४३, मागचे दोन्ही ४२. रात्री दोनदा उठून टॉर्च लावून खाली बघितलं, कोरडं. सकाळी दारं उघडून बंद करून बघितली, ताईंचं वाक्य डोक्यात होतं, दोन्ही अलगद लागतात.

प्लायच्या पाइपवाल्या भोकाची आतली कड रंगवायची राहिली होती, फिल्टर लावताना दिसली. पाइप परत काढलेत, पहिला हात देऊन झालाय, उद्या दुसरा. तोपर्यंत टँक नुसत्या पाण्याचाच आहे, मासे अजून जुन्याच घरी.


सोनमासा_ताई:

छान काम केलंत. तिसरा हात झाल्यावर फिल्टर लावा आणि मासे टाकायची घाई नको, जुन्या फिल्टरमधला स्पंज नव्यात घाला म्हणजे पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू लवकर धरतील. आणि महिनाभर आठवड्यातून एकदा तेच चार कोपरे मोजून लिहून ठेवा, लाकूड वजनाखाली थोडं बसतं, आकडे एकसारखे राहिले की मग मोजायचं सोडलंत तरी चालेल.